कात्र्या मोज, मग दार लाव

अगं पोरी, तुझं टांझानियाचं पक्कं झालं म्हणून कळलं. इरिंगाला, बायकांना शिवण शिकवायला. सामानाची यादी तुझ्या संस्थेने दिलीच असेल आणि ती चांगली चार पानी असेल. मी सांगते ते त्या यादीत नसतं. परक्या गावात शिकवताना जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या मी आधीच उरकून ठेवल्या आहेत, तुझ्या वाटणीला फारशा उरल्या नाहीत. एखादी नवी सापडलीच तर लगेच कळव. बाकी चहा घे आणि निवांत वाच.

१. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी टोचून घे आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेव — वाटेत नैरोबीला किंवा अदिस अबाबाला विमान बदलायचं असलं की जाताना-येताना कोणीही ते मागू शकतं. एकदा घेतली की आता जन्मभर चालते, तेवढं सुख.

२. चकल्या, लाडू, गोडा मसाला प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नकोस, डबे आणि कापडी पिशव्या घे — टांझानियात १ जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. हे तुझ्या आईला आजच सांग. पिशवीत पिशवी घालून वर गाठ मारल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

३. दोन जाड स्वेटर आणि पायमोजे घे — इरिंगा दीड हजार मीटरच्या वर वसलंय आणि तिथली थंडी जून-जुलैत, आपण इकडे छत्र्या उघडतो तेव्हा. आफ्रिका म्हणजे नुसता घाम असं सांगणारे दार-एस-सलामच्या पुढे गेलेले नसतात.

४. मशीनच्या सुया घेण्याआधी तिथल्या मशीनचा आणि सुईचा फोटो मागव — घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा, कारखान्यातल्या मशीनच्या सुईचा गोल, आणि एकीची दुसरीला बसत नाही. १४ आणि १६ नंबरच्या भरपूर घे, ११ च्या थोड्या पुरतात.

५. तिथले सॉकेट इंग्लंडच्या धर्तीचे, तीन चौकोनी पिनांचे, पण विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट — म्हणजे अ‍ॅडॉप्टर लागतो, ट्रान्सफॉर्मर नाही. दोन अ‍ॅडॉप्टर घे, एक कोणीतरी उसना नेणारच.

६. पर्यटक व्हिसावर वर्गात उभी राहू नकोस, कोणी कितीही "ते बघू नंतर" म्हणालं तरी — स्वयंसेवकांसाठी सी वर्गाचा वेगळा निवास परवाना असतो, आणि तपासणीला आलेला अधिकारी तुझा भला हेतू बघत नाही, कागद बघतो.

७. दार-एस-सलामहून इरिंगा साधारण ५०० किलोमीटर. सकाळची बस घे आणि खिडकी पकड — हमरस्ता मिकुमी राष्ट्रीय उद्यानातूनच जातो, जिराफ आणि हत्ती बसमधून दिसतात. पुढे गोरखचिंचेच्या झाडांची दरी लागते आणि मग कितोंगाचा घाट. घाटाआधी पोटभर खाऊ नकोस, तुला खंबाटकीही सोसत नसे.

आता घड्याळ. हे नीट वाच, बाकीचं विसरलीस तरी चालेल.

८. स्वाहिली बोलणारी माणसं तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा. कोणी "सा तातूला ये" म्हटलं की सकाळी नऊला जायचं — शब्दशः तीन धरून दुपारी पोचलीस, तर वाट बघून सगळे घरी गेलेले असतात. भिंतीवरचं घड्याळ मात्र आपल्यासारखंच चालतं. सहा तासांचा फरक फक्त बोलण्यात.

९. वर्गाची वेळ फळ्यावर दोन्ही रीतींनी लिही — एक रीत बायकांसाठी, दुसरी तुझ्यासाठी.

१०. आईला फोन तिथल्या सातच्या आत करत जा — इकडे घड्याळ अडीच तास पुढे असतं. तुझ्या साडेआठला तिचे अकरा वाजतात, आणि अकराच्या फोनमध्ये चांगली बातमी असेल असं कुठल्याच आईला वाटत नाही.

११. वयाने मोठं माणूस दिसलं की आधी तू "शिकामो" म्हण, ते "मराहाबा" म्हणतील. तू शिक्षिका आणि ती विद्यार्थिनी असली तरी हेच — तुझ्या वर्गात चार लेकरांच्या आया येतील, त्यांना तू पंचविशीची पोरच दिसणार. आधी वाकला त्याचा टाका सरळ.

१२. कामाचं बोलणं एकदम काढू नकोस. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, पोरं कशी आहेत, हे सगळं विचारून घे — प्रत्येकाला उत्तर "न्झुरी", म्हणजे छानच येईल, आणि खरी अडचण त्यानंतर दोन मिनिटांनी बाहेर पडेल. ती दोन मिनिटं न थांबणाऱ्याला वर्गातल्या बायका मध्येच का गळतात ते कधी कळत नाही.

१३. दारात उभं राहून "होदी" म्हण आणि आतून "करिबू" आल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस — दार सताड उघडं असलं तरी.

१४. द्यायचं-घ्यायचं उजव्या हाताने — हे तुला सांगायला नको, पण कात्री देताना सगळे विसरतात. कात्रीची मूठ समोरच्याकडे, टोक आपल्याकडे.

१५. इरिंगाच्या भागातली माणसं हेहे जमातीची. एखाद्या आजीबाईंना त्यांच्या भाषेत नमस्कारादाखल "कामवेने" म्हणून बघ — स्वाहिली तर सगळेच परके शिकतात, हे शिकणारे थोडे. सवडीने कालेंगाच्या संग्रहालयातही जाऊन ये. जर्मनांशी लढलेल्या म्क्वावा राजाची कवटी तिथे ठेवलेली आहे. ती परत यायला १९५४ साल उजाडलं होतं.

१६. रस्त्यात पोरं "म्हिंदी, म्हिंदी" करून ओरडतील, हसून हात कर — म्हिंदी म्हणजे भारतीय, त्यात शिवी नाही, ओळख आहे. पण तिथे आपली ओळख पिढ्यान् पिढ्या दुकानदाराची आहे, आणि १९७१ साली सरकारने इमारती ताब्यात घेतल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच भारतीय घरांच्या होत्या. म्हातारी माणसं कधी टोमणा मारतात. वाद घालू नकोस, ऐकून घे, पुढचा चहा तेच पाजतात.

१७. तीनचाकी रिक्षाला तिथे बजाजी म्हणतात, आपल्या आकुर्डीच्या कंपनीवरून. म्हणून मी पुण्याची, भाडं कमी घे, असं सांगायला जाऊ नकोस — ते आधी ठरवायचं आणि मगच बसायचं. मोटारसायकलवाल्याच्या मागे बसायचं झालं तर हेल्मेट असेल तरच, आणि अंधार पडल्यावर मुळीच नको.

एक गोष्ट मध्येच सांगते. तिथल्या कचेऱ्यांत भिंतीवर ज्युलियस न्येरेरे यांचा फोटो दिसेल. ते राष्ट्राध्यक्ष होण्याआधी शाळेत शिकवायचे, आणि देश त्यांना शेवटपर्यंत 'म्वालिमू', म्हणजे मास्तर म्हणत राहिला. शिक्षणाने माणूस आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे, हे त्यांनी १९६७ साली लिहून मांडलं. पुढे १९७५ पासून स्वीडनच्या मदतीने खेडोपाडी लोकविकास महाविद्यालयं निघाली, १९९४ मध्ये धंदेशिक्षणासाठी 'वेटा' नावाचं सरकारी प्राधिकरण आलं. तेव्हा आपण काही नवं घेऊन चाललोय, अशा तोऱ्यात उतरू नकोस. शिवणकाम तिथे आपल्याआधीही होतं. बाजारात गेलीस की ओट्यावर पायमशीन टाकून बसलेले शिंपी दिसतील, आणि त्यांतले काही तुझ्यापेक्षा हात जास्त साफ असलेले निघतील.

१८. पहिल्या आठवड्यात वर्ग उघडायच्या आधी त्या ओट्यांवर जाऊन बस. काय शिवायला येतं, शिलाई किती, दोरा कुठून आणतात, सगळं बघ — तू शिकवशील ते इथे विकलं गेलं पाहिजे, दादरला नाही.

१९. प्रत्येक शिंप्याला 'फुंडी' म्हणून हाक मार. हा मानाचा शब्द आहे — त्यातला एखादा खूश झाला तर पुढे तुझ्या बायकांना कामावर ठेवेल.

२०. स्वाहिली मोडकीतोडकी का होईना, बोल. निदान खांदा, छाती, कंबर, बाही, उंची आणि पन्नासपर्यंत आकडे जाण्याआधीच पाठ कर — प्राथमिक शाळा तिथे स्वाहिलीत होते आणि तुझ्या बऱ्याच बायकांची शाळा तिथेच थांबलेली असते. इंग्रजीत समजावलंस तर मान सगळ्या डोलावतील, मुंढा मात्र एकीचाही बसणार नाही.

२१. मोठ्या आवाजात कोणाची चूक दाखवू नकोस, कापड हातात घेऊन शेजारी बस आणि आपणच उसवायला लाग — चारचौघांत लाजलेली बाई दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि का आली नाही ते सांगतही नाही.

२२. "समजलं का?" असं कधी विचारू नकोस, "करून दाखव" म्हण — पहिल्याचं उत्तर जगात सगळीकडे 'हो' असतं.

२३. पहिले दोन दिवस दोरा ओवू नकोस. कागदावर सरळ, नागमोडी, गोल रेघा मारून द्यायच्या आणि बिनदोऱ्याच्या जुन्या सुईने त्यावरून मशीन चालवायला लावायचं — पायाला लय आल्याशिवाय हाताला अक्कल येत नाही, आणि दोरा तुटण्याच्या नादात बायका मशीनलाच भिऊन बसतात.

२४. विजेचं मशीन कोणी दान देत असेल तर आभार मान, आणि पायमशीन माग — वीज जाते तेव्हा शिकणं थांबतं, आणि शिकून घरी गेलेल्या बाईकडे वीज असेलच असं नाही.

२५. पेपर कटिंगला जुनी वर्तमानपत्रं किंवा सिमेंटच्या गोणीचा कागद वापर — विकतचा कागद तू आहेस तोवरच येईल.

२६. कागदाच्या कात्रीच्या मुठीला लाल चिंधी, कापडाच्या कात्रीला काहीच नाही — कागद कापलेली कात्री कापड चावते, आणि धार लावणारा रोज दारावरून जात नाही.

२७. भिंतीवर फळी ठोकून प्रत्येक कात्रीचा, टेपचा, पान्याचा आकार त्यावर रंगवून घे. संध्याकाळी एक नजर टाकली की रिकामा आकार ओरडून सांगतो — मोजून मग दार लावायचं, आणि मोजायचं काम तू नाही करायचं, बायकांनी पाळीपाळीने करायचं. मोजलेली कात्री पळत नाही, न मोजलेलीला पाय फुटतात; आणि एकदा का हरवली की संशय शेजारणीवर जातो, चांगल्या मैत्रिणी तुटतात. कात्री पाचशेला मिळेल, मैत्रीण कुठून आणशील?

२८. सुई मोडली की मोडके तुकडे आणून दाखवल्यावरच नवी द्यायची — कंजूषपणा म्हणून नाही, उरलेला तुकडा शाळेच्या शर्टात शिवला जाऊ नये म्हणून.

२९. बायका तान्ही पोरं घेऊन येतील, येऊ दे. एका कोपऱ्यात चटई टाक. दिवस संपला की जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून सगळ्या जमिनीवरून ओढ — टाचण्या डोळ्यांना दिसत नाहीत, रांगणाऱ्या पोराच्या गुडघ्याला सापडतात. हे काम पोरांनाच आवडतं; चुंबकाला काय काय चिकटलं ते बघायला मोठी पोरं भांडतात.

३०. शुक्रवारी मशीनचे दात आणि बॉबिनची जागा ब्रशने साफ करून, मग ठरलेल्या भोकांत तेलाचा एकेक थेंब. सोमवारी आधी चिंधीवर टीप मारायची, मगच गिऱ्हाइकाच्या कापडावर — जादा तेल पांढऱ्या शर्टावर उतरतं. तेलाला विसरलं की मशीन गाऊ लागतं.

३१. चामड्याचा पट्टा सैल झाला की बदलायच्या आधी अर्धा इंच कापून पुन्हा पिन मारून बघ, आणि हे करून दाखवताना आपण बाजूला राहा — ज्या दिवशी तुझ्याशिवाय एकीने पट्टा बसवला, त्या दिवशी तुझं निम्मं काम झालं.

३२. इस्त्री बहुधा कोळशाची असेल, आपल्या परटाकडे असायची तशीच. निखारे बाहेर अंगणात फुलवून आणायचे, राख झटकायची, आणि खिडकी-दार उघडं ठेवायचं, थंडी असली तरी — बंद खोलीतल्या कोळशाचा वायू वास देऊन येत नाही. थंडीत गरम राहायला बायका शेगडी आत ओढतात, तिथे तू कडक राहा; एरवी राहू नकोस.

३३. कांगा कापायच्या आधी वाच. जोडीत येणारं ते सुती वस्त्र, चहूबाजूंनी किनार आणि खालच्या बाजूला छापलेलं एक वाक्य. त्यात म्हण असते, आशीर्वाद असतो, कधी शेजारणीला मारलेली कोपरखळी असते — ते वाक्य बरोबर मधून कापून तू बाहीला जोडलंस, किंवा नको त्या बाईच्या नको त्या जागी आणलंस, तर गावभर हशा होतो. एकदा एक जण सासूला नेसवायला कांगा आणायची म्हणून बाजारात गेली आणि अर्धा तास नुसती वाक्यं वाचत बसली. कापडाचा रंग तिने शेवटी पाहिला. गंमत म्हणजे यांतल्या कित्येक कांगा भारतातच छापून तिकडे जातात.

३४. कितेंगे नावाचं कापड जाड असतं आणि नक्षी मोठी; पाठीचा भाग आणि पुढचा भाग बेतताना फुलाचं तोंड कुठे आहे ते बघ — उलटं फूल टीप कितीही सरळ असली तरी पहिलं दिसतं. बेतायच्या आधी कापड रात्रभर भिजत घाल. आटायचं ते शिवायच्या आधी आटू दे. कापड वाट बघतं, कात्री बघत नाही.

३५. माया सढळ सोडायला शिकव, इंचभर तरी — मायेचा झगा दोन बाळंतपणं टिकतो, आणि उसवून वाढवून द्यायचे पैसे पुन्हा त्याच बाईला मिळतात.

३६. फ्रॉक आणि ब्लाउज शिकवायची घाई नको, पहिल्यांदा आल्टर शिकव. परदेशातून गठ्ठ्याने येणारे जुने कपडे, तिथे मितुंबा म्हणतात, बाजारात ढिगाने असतात आणि कोणाच्याच अंगाला नीट बसत नाहीत — नव्या कपड्यांच्या शिलाईवर मितुंबाने पाय दिलाय म्हणून रडत बसण्यापेक्षा कंबर आवळून देण्याचे पैसे महिन्याभरात हातात येतात.

३७. त्यानंतर शाळेचा गणवेश. शाळा तिथे जानेवारीत सुरू होते, तेव्हा वर्ग असे आख की नोव्हेंबरपर्यंत बायकांना शर्ट-स्कर्ट हातखंडा आला पाहिजे — वर्षातली मोठी कमाई त्या दोन महिन्यांत असते आणि जानेवारीत शिकलेला गणवेश पुढच्या जानेवारीपर्यंत कपाटात राहतो.

३८. शिलाईचा हिशोब शिकवल्याशिवाय एकीलाही पास करू नकोस: दोरा, बटणं, कोळसा, जागेचं भाडं आणि आपला वेळ — वेळेचे पैसे लावायला बायका सगळीकडे विसरतात, तुझी आईही विसरते. अर्धे पैसे आगाऊ घ्यायचे, आणि 'उद्या देते' म्हणायचं तर खरंच उद्या द्यायचं. शिंप्याच्या 'उद्या'ची कीर्ती तिथेही आपल्याइतकीच आहे.

३९. सरकारी परीक्षेचे टप्पे १ ते ३ असतात, त्यांची माहिती पहिल्याच दिवशी काढून ठेव — तुझ्या सहीच्या प्रमाणपत्राला घरात चौकट मिळते, वेटाच्या प्रमाणपत्राला नोकरी मिळते.

४०. मशीन फुकट वाटू नकोस, आणि कर्जही आपण होऊन देऊ नकोस. बायकांची 'उपातू' चालते का विचार, म्हणजे आपली भिशीच — पाळीने आलेल्या पैशातून घेतलेल्या मशीनवर रोज फडकं फिरतं.

४१. कोणाकडे मौत झाली की बाई चार दिवस येणार नाही, आणि वर्गणी सगळ्यांकडे फिरेल, लग्नासाठीही फिरेल. महिन्याच्या खर्चात त्यासाठी वेगळे पैसे काढून ठेव, थोडे का असेनात — रकमेपेक्षा वहीत तुझं नाव आहे का, हे बघतात. त्या बाईची गैरहजेरी मांडायची की नाही ते तूच ठरव. मी तर मांडत नसे.

४२. सकाळी दहाला चहाची सुट्टी, म्हणजे त्यांच्या भाषेत सा न्ने. ती वाचवून धडा पुरा करायच्या फंदात पडू नकोस — चहा, मांदाझी किंवा चपाती खाताना बायका जे विचारतात ते वर्गात विचारत नाहीत. 'वितुंबुआ' दिसले की घे, नारळाच्या दुधातले गोड आप्पेच ते.

४३. तुझं शाकाहारी असणं पहिल्याच जेवणाला हसत सांगून टाक, तिसऱ्याला नको — तोवर कोणी तुझ्यासाठी कोंबडी कापलेली असते. उपाशी राहणार नाहीस. 'म्चिचा' म्हणजे आपला माठ, 'महारागे' म्हणजे राजम्यासारखी उसळ, आणि मक्याच्या पिठाची उगाली. चार दिवस घशाखाली उतरत नाही, पाचव्या दिवशी मागून घेशील.

४४. वर्गात मुसलमान बायका असतील तर रमजानात त्यांच्यासमोर खाऊ नकोस, कोणी काही म्हणणार नाही तरीही — आणि त्या महिन्यात जड इस्त्रीचं काम सकाळी उरकून घे.

४५. पाणी उकळून, मच्छरदाणी औषधाची, तीही गादीखाली नीट खोचलेली, आणि सूर्य बुडला की लांब बाह्या — मलेरियाचा डास रात्रपाळीचा आहे. ताप आला की 'उन्हाचा असेल' म्हणून क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी बोट टोचून तपासणी करायची.

४६. विजेचा मीटर आगाऊ पैशाचा असतो, लुकू म्हणतात. मोबाइलवर पैसे भरले की २० आकडे येतात, ते मीटरवर दाबायचे. रविवारी रात्रीच भर — सोमवारी सकाळी अंधारात वीस आकडे दाबताना अकराव्याला बोट हमखास चुकतं.

४७. संस्थेच्या पैशाने काही घेतलंस तर यंत्रावर छापलेली पावती मागून घे, दुकानदार कंटाळला तरी — कायदाच तसा आहे, आणि वर्षअखेरीला हिशोब तपासणारा माणूस तुझ्या आठवणीवर पैसे मंजूर करत नाही. ओट्यावरच्या शिंप्याकडून बटणं घेतलीस तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर त्याची सही घे.

४८. विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस, आणि काढलास तर त्या बाईला तो दाखव — देणगीदारांना रडवेले चेहरे लागतात, तिला आपला नवा शिवलेला झगा लागतो. झग्याचा पाठव.

४९. अहवालात किती जणी आल्या ते सगळेच लिहितात. तू आणखी एक रकाना आख: वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी कोण शिवतेय, कुठे शिवतेय, महिन्याला काय सुटतं — तो रकाना बहुतेकदा बोचतो. पण पुढचा वर्ग कसा घ्यायचा ते तिथूनच कळतं, आणि मागच्या बायकांच्या घरी जायला एक निमित्तही मिळतं.

५०. परत यायच्या सहा महिने आधीपासून फळ्यासमोर दुसरीला उभी कर आणि आपण मागच्या बाकावर बसून काजं करत बस. ती चुकेल, तोंड उघडू नकोस. अगदीच राहवेना तर दात दोऱ्यात गुंतव — तिला तू नसतानाही चुकायचंच आहे, तर तू असताना चुकलेलं स्वस्त पडतं.

५१. मशिनं किती, कात्र्या किती, किल्ली कोणाकडे, हे सगळं स्वाहिलीत लिहून गावातल्या दोन वडीलधाऱ्यांसमोर सह्या घे — नुसत्या विश्वासावर सोडलेल्या कपाटाच्या मागाहून तीन किल्ल्या निघतात. यात कोणावर अविश्वास नाही, उलट जिच्याकडे किल्ली आहे तिच्यावर उद्या बोट उठू नये म्हणून हा कागद.

५२. परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप भरला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग की मी टांझानियातून आलेय — नाहीतर इकडे व्हायरल म्हणून गोळ्या देतील, आणि मलेरिया तिकडूनच अंगात आलेला असेल. तुझ्या आईलाही हे सांगून ठेव. तापात तू काय बोलशील त्यावर माझा भरवसा नाही.